चंदेरी रंगाचा एक हात

निदान करणाऱ्याने मनात कसलीही इच्छा बाळगू नये, असं मिस्त्री आपल्या गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. लेकीचा ट्रक फाटकातून आत वळला, मागच्या डाव्या चाकाच्या आतून उतरलेला ओला ओघळ दिसला, आणि मिस्त्रींनी मनातल्या मनात हात जोडले : गिअर ऑइलच असू दे.

त्याला कारण होतं. त्या चाकाशी गळती दोनच ठिकाणांहून होते. ब्रेक ऑइल असेल तर आतल्या छोट्या सिलेंडरचं रबर गेलं, तासाभराचं काम. गिअर ऑइल असेल तर एक्सलचं सील गेलं, आणि ते सील दुकानात कधीच नसतं, दुसऱ्या दिवशी येतं. म्हणजे मुक्काम. लेक चार महिन्यांनी आली होती, तीही ट्रकला बरं नाही म्हणून. ट्रक ठणठणीत असता तर रस्त्यावरूनच हॉर्न वाजवून पुढे गेली असती.

"डावीकडचा ब्रेक धड पकडत नाही," ती केबिनमधून उतरत म्हणाली. "आणि बाबा, आजच निघायचंय हां. मागे साबण भरलाय."

"साबण काय नासतो?"

"साबण नाही नासत. मालक नासतो."

मिस्त्रींनी ट्रक जॅकवर घेतला, चाक काढलं, ड्रम ओढला. आतला ओलावा बोटावर घेतला. दाट, चिकट, वर सडक्या अंड्याचा वास. तरीही त्यांनी वाटीत पाणी घेतलं.

"हे कशाला? वास अख्ख्या गॅरेजला येतोय."

"नुसत्या वासावर निदान होत नसतं."

ब्रेक ऑइल पाण्यात विरघळलं असतं. हा थेंब ऐटीत तरंगत राहिला. मिस्त्रींनी चेहरा पाडला. पाडायला बरेच कष्ट पडले.

"सील गेलं. ब्रेकचे लायनरही भिजलेत. उद्याशिवाय काही खरं नाही."

"मागच्या खेपेलाच तर नवं घातलंत!" असं म्हणत लेक ट्रकखाली शिरली. थोडा वेळ नुसते तिचे बूट दिसत होते. मग आवाज आला, "बाबा, एक्सलला रंग कुणी दिला?"

मिस्त्री वाटी धुवायला लागले.

मागच्या खेपेला सील दुसऱ्या दिवशी आलं, तरी काम दुपारीच संपलं होतं. तेव्हा त्यांनी एक्सलला चंदेरी रंगाचा एक हात दिला होता, आणि पहिला वाळल्यावर दुसरा. तेवढा वेळ लेक थांबली होती, जेवली होती, आईच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपली होती.

"गंजू नये म्हणून दिला," ते म्हणाले.

"पोटाखाली? एक्सलला काय पाहुणे बघायला येणार होते? हवा सुटायचं भोकसुद्धा लिंपून टाकलंत. ऑइल तापणार, आत कोंडणार, मग सील फोडून बाहेर येणारच की."

मिस्त्रींनी ट्रकखाली तार सरकवली. तिने भोक मोकळं केलं, बाहेर आली, हात पुसत त्यांच्याकडे बघत राहिली.

"थांब म्हणून सरळ सांगायचं होतंत ना."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "नसते." मग हसली. "आता सील येईपर्यंत थांबणं आलंच. मालकाला कळवते."

मिस्त्री मागच्या घरात गेले. तिच्या खाटेवरचा गिअरबॉक्स त्यांनी एकट्याने उचलून खाली ठेवला, हे त्यांच्या कंबरेने लगेच नोंदवून घेतलं. चादर बदलली. तिला दोन उशा लागतात. दुसरी शोधायला कपाट उपसलं. सगळं झाल्यावर निवांतपणे दुकानाला फोन लावला. इतक्या वर्षांचं उत्तर त्यांना पाठ होतं.

"आहे ना!" दुकानदार म्हणाला. "कालच आलं. लायनरपण आहेत. लगेच पाठवतो, तुमचं काम अडायला नको."

फोन ठेवून मिस्त्री खाटेपाशी उभे राहिले. उशी सारखी केली. मग बाहेर जाऊन तिला सांगितलं.

ऊन उतरायच्या आत ट्रक निघाला. फाटकाशी पोचला आणि थांबला. मिस्त्री चार पावलं धावले.

ती ब्रेक तपासून बघत होती. उत्तम लागत होते.