दोघांची केबिन

वाफेच्या पेटीत माणूस गळ्यापर्यंत बंद होतो. डोकं तेवढं वरच्या भोकातून बाहेर राहतं आणि कडी बाहेरून असते. पांढरकवड्यातल्या मंदारच्या उपचार केंद्रात वामनराव पाठदुखीसाठी असेच बसलेले असताना त्यांचे व्याही पंजाबराव स्टूल ओढून समोर बसले.

वामनराव सरकारी खरेदी केंद्रावर कापसाची प्रत आणि ओलावा तपासणारे ग्रेडर होते. त्या हंगामात खासगी भाव हमीभावाच्या बराच खाली गेला होता आणि सगळा तालुका केंद्रावर लोटला होता. सकाळीच त्यांनी पंजाबरावांचा ट्रक परत फिरवला होता. ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा, तो सोळा भरला. पाऊस पडून महिना झाला होता. कापूस केळापूरच्या आसपास गावोगाव स्वस्तात घेतलेला होता आणि वजनासाठी त्यावर पाणी मारलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"राम राम, इवाई. हात नका जोडू, पेटी फुटंन."

वामनरावांचा घाम डोळ्यांत उतरत होता. पंजाबरावांनी खिशातला रुमाल काढून त्यांचा चेहरा पुसला. मुलीच्या सासऱ्यानं मुलीच्या बापाची अशी सेवा करावी, याची वामनरावांना फार लाज वाटली. नको म्हणायला हात मोकळे नव्हते.

"तुमच्या केतकीले जरा माहेरी धाडावं म्हणतो," पंजाबराव रुमालाची घडी घालत म्हणाले. "किती दिवस, ते तुमच्यावर हाय. गाडी परत रांगेत उभी केली हाय."

"मंदार, कडी काढ!"

"पाच मिनिटं, साहेब," मंदार आतून ओरडला. "एकदम उठले तर चक्कर येईल."

दोन दिवसांनी वामनरावांनी पेटी नको म्हटलं. मंदारनं नागपूरहून एक जुनी इन्फ्रारेड केबिन आणली होती. "वाफेत आधी हवा तापते, मग तुम्ही," तो सांगू लागला. "यात उष्णता थेट अंगाला लागते. दम कोंडत नाही, जास्त वेळ बसता येतं."

"डोकं आतच राहते ना?"

"पूर्ण माणूस आत, साहेब."

टॉवेल गुंडाळून त्यांनी दार उघडलं. लाल उजेडात पंजाबराव बाकावर बसलेले होते. ते सरकले.

"या. दोघाची हाय. एकट्यासाठी लावली तं मंदारले बिल परवडत नाही."

मागे फिरता आलं असतं. पण व्याह्याला पाठ दाखवल्याची गोष्ट संध्याकाळच्या आत केतकीला ऐकावी लागली असती. वामनराव बसले. गुडघ्याला गुडघा लागत होता.

"वाफेत माणूस लगेच ओला होते. इथं निसता सुका शेक," पंजाबराव म्हणाले. "कापूस आणून ठेवू का आत?"

"आठ दिवस अंगणात वाळवा. फुकट होते."

"वजन जाते ना मंग."

"पाण्याचं जाते. कापसाचं नाही."

पंजाबराव हसले. "उद्या परत लावतो गाडी."

"उद्या मी रजेवर आहो. यवतमाळचा ग्रेडर येऊन राह्यला. तो ओलावा मोजंन." हे वाक्य वामनरावांनी कालपासून तयार ठेवलं होतं. त्यात होही नव्हतं आणि नाहीही.

"रजा? म्हंजे घरीच ना?"

"हो."

"मंग सकाळीच केतकीले घेऊन येतो. बाप घरी नसला तं पोरीले दारात सोडून जाणं बरं नाही दिसत."

वामनरावांना आता खरा घाम सुटला.

"आणा," ते शेवटी म्हणाले. "पण तिचं सगळं सामान आणा. निम्मं ठेवू नका तिथं."

पंजाबरावांनी चार दिवसांच्या मुक्कामाची भाषा केली होती, ही कायमची होती; त्यांनी टॉवेलची गाठ पुन्हा बांधली. दाराला कडी नव्हती, ढकललं की उघडत होतं. पण जो आधी उठेल त्याचं शेवटचं बोलणं पक्कं धरलं जाईल, हे दोघांना कळत होतं, म्हणून कुणी उठेना. घरी केतकी जेवणासाठी सासऱ्यांची वाट बघत होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.