चैतीबायच्या नवऱ्याची फळी

लाकूड बघायचं तर हलीमाला बोलवा, असं जव्हारात म्हणतात, आणि मला त्याचा भारी तोरा. नवरा इदरीस सुतार, तर मी त्यांच्या वरताण. दोन हजार चारला मुंबईच्या एका दुकानाने आमच्याकडून स्केटबोर्ड करून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हसणाऱ्यांना मीच गप्प केलं. पोरं त्या चाकांच्या फळीवर उभी राहून घसरत जातात म्हणे. जाऊ देत की, आपल्याला काम मिळालं ना! ह्यांचा हट्ट एकच, सागवान जुनं, मुरलेलं हवं. ते मी गावोगाव फिरून आणायचे.

पोशेरा गावचा देवानंद ठाण्याला कामाला असायचा. गावी आला नि जुनं घर मोडून लाकडांचा ढीगच विकायला काढला. मी जीप भरून आणली. त्यातल्या एका फळीवर वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार कोरलेला, पावसाने पार झिजलेला. हे रंधा हातात घेऊन थांबले. म्हणाले, हे घराचं लाकूड वाटत नाही, विचारून घेऊ.

मी खेकसले, "दाराची नक्षी असेल. तुमचं आपलं नेहमीचंच. मारा रंधा."

त्यांनी मारला. ढलप्या मी चुलीत घातल्या.

आठवड्याने देवानंदची आई चैतीबाय दारात उभी. मागे मान खाली घालून देवानंद. ती फळी तिच्या मेलेल्या नवऱ्याची होती. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावाने अशी फळी कोरून झाडाखाली पुरतात, म्हणजे त्याला जागा मिळते. वादळात उन्मळली म्हणून तिने ती घरात आणून ठेवलेली, आणि पोराने न बघता ढिगासकट विकली. उद्या पुन्हा पुरायची होती. पाहुणेही जमले होते.

अल्ला, मी कुणाचा माणूस चुलीत घातला! ह्यांनी कोपऱ्यातला स्केटबोर्ड आणला, त्याच फळीचा केलेला, चाकं लावलेला. नवी कोरून देतो, आजच देतो, असं हे काकुळतीने सांगू लागले.

"नवी कोनाची?" ती म्हणाली. "माझा नवरा एकदाच मेला."

मग तिने चाकं काढायला लावली. फळी मांडीवर घेऊन स्क्रूंच्या आठही भोकांवरून एकेक करून बोट फिरवलं. मी तिथेच उभी.

तिने मान वर केली आणि मलाच विचारलं, "ह्याला दुखलं का गं, बाय?"