बरे झालेले उंदीर

कारंज्यात अजितकुमारांचं धान्याचं दुकान. धान्य आलं म्हणजे उंदीर आले, आणि जैनाच्या दुकानात विषाच्या गोळ्या ठेवायची तर सोयच नाही. तेव्हा दुकान बंद करताना पिंजरा लावायचा, सकाळी तो स्कूटरला अडकवून धनजच्या रस्त्यानं गावाबाहेर न्यायचा आणि दार उघडून म्हणायचं, "माफ कर रे बावा, पोटासाठीच आला व्हतास." शेजारचा ऑटोवाला मुनाफ रोज छेडायचा, "शेटजी, तुमच्या आधी दुकानात पोचते तो!" अजितकुमार हसायचे. मागे बसलेली त्यांची पोरगी कृतिका त्याहून जास्त हसायची, कारण पिंजऱ्याचं दार उघडायचा मान तिचा होता.

ते हसणं कुठं गेलं कोण जाणे. सतराव्या वर्षी पोरीला जिना चढवेना. आज ती तेवीस वर्षांची आहे आणि वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जात नाही. आई, त्रिशलाबाई, तिची वेणी घालते. अंगातले स्नायू झिजत जायचा आजार. त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं.

मग एक दिवस कृतिकानंच मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली. कुठल्याशा प्रयोगशाळेत हाच आजार असलेल्या उंदरांना स्टेम सेल टोचल्या, म्हणजे ज्यांच्यापासून शरीर नवं मांस घडवतं त्या मूळ पेशी. उंदरांचे स्नायू पुन्हा भरून आले. उंदीर पळू लागले.

"वाच, अजून एकदा वाच," अजितकुमार म्हणाले. तिनं तेवढंच पुन्हा वाचलं.

अहो, माणूस आशेनं कसा वेडा होतो, ते त्या आठवड्यात त्यांच्या दुकानात येऊन बघायचं! पिंजऱ्यात खोबऱ्याच्या तुकड्याऐवजी शेंगदाण्याचा लाडू. गिऱ्हाईक तूरडाळ मागतंय आणि शेटजी त्याला उंदरांचं कौतुक सांगताहेत. शनिवारी रिपोर्टांची फाइल काखेत मारून नवरा-बायको नागपूरला गेले.

डॉक्टरांनी फाइल सावकाश वाचली. बातमी खरी होती. "पण ते उंदीर आहेत, शेटजी. माणसापर्यंत यायला दहा वर्षं लागतील, पंधराही लागतील. आलंच तर."

"आन् आमच्या पोरीजवळ किती हायेत?"

"श्वासाचे स्नायूही थकत चाललेत." डॉक्टरांनी फाइल मिटली. "चार वर्षं. फार तर पाच."

त्रिशलाबाईंनी पदर तोंडाला लावला. अजितकुमारांना मात्र भलतंच सुचलं. "ते बरे झालेले उंदीर आता कुठं हायेत?"

"त्यांना मारावं लागतं. स्नायू कापून तपासल्याशिवाय नक्की कळत नाही."

जन्मभर पाणी गाळून प्यालेला माणूस, मुंगी दिसली तर पाऊल अधांतरी धरणारा. तो टेबलावर हात आपटून ओरडला, "मंग मारा ना! हजार मारा, लाख मारा, माह्या दुकानातले न्या! दहा वर्षं काहून लावता?"

स्वतःचाच आवाज ऐकून ते गार पडले. फाइल उचलून दोघं परतीच्या एसटीत बसले.

दुसऱ्या सकाळी पिंजऱ्यात उंदीर होता. "बाबा, मले घेऊन चाला ना आज," कृतिका म्हणाली. "लय दिवस झाले." मुनाफनं तिला उचलून ऑटोत बसवलं. आज त्यानं छेडलं नाही.

गावाबाहेर ऑटो थांबला. कृतिकाच्या बोटानं पिंजऱ्याची कडी हलेना. अजितकुमारांनी तिच्या बोटावर आपलं बोट ठेवून ती उचलली. उंदीर टुणकन उडी मारून तुरीत पळाला. त्याची माफी मागायची राहिली. कोणत्या तोंडानं मागणार?

"बाबा, बरे झालेल्या उंदरांचं डॉक्टरले विचारलं का?"

"विचारलं."

"मंग?"

वजनात कधी गुंजभर खोट न केलेला माणूस म्हणाला, "सोडून देले त्याईले. शेतात. मजेत हायेत."

कृतिका तुरीकडं बघत राहिली. मग तिनं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. "बाबा, म्या ते शेवटपर्यंत वाचलं व्हतं. तुमाले अर्धंच वाचून दाखवलं."

रिकामा पिंजरा मांडीवर घेऊन अजितकुमार ढसाढसा रडले. त्यांचे डोळे पुसायला कृतिकानं हात उचलून पाहिला. तो मांडीवरून वर आलाच नाही.