खुंटीवरचे आडनाव

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की घर सोडताना किल्लीबरोबर आपले आडनावही तिथेच ठेवून जायचे आहे. जमेल तुम्हाला?

मी एक जुने आडनाव आहे. मी रास्क, म्हणजे चपळ. स्वीडनमधल्या डालार्नात एका पलटणीत चौघे अँडर्स ओल्सन निघाले, तेव्हा वैतागलेल्या कप्तानाने मला त्यांतल्या एकाला चिकटवले. गावाने त्याला जंगलाकाठी झोपडी दिली. तो गेला, दुसरा शिपाई आला. झोपडी त्याची, मीही त्याचे. असे सात शिपाई मी पाहिले. लढाईत शाबासकी मिळवली. मुलींनी मात्र मला कधी लावले नाही. त्या बापाच्या नावाने ओळखल्या जात.

सातव्या शिपायाची, येर्कची, मुलगी ब्रिता अकरा वर्षांची होती. ती कपाटांवर चित्रातल्या माणसांहून उंच भोपळवेली रंगवी. एक रंग वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसे.

"बाप चपळ नि लेक गोगलगाय!" शेजारच्या गुनिल्लाची आत्या म्हणे. गुनिल्लाच्या लग्नाचे कपाट ब्रिताकडेच रंगवायला होते ना!

तेवढ्यात येर्कचा गुडघा कामातून गेला. पलटणीने त्याला कायमची रजा दिली; आता झोपडीही सोडायची होती.

"बाबा, रास्क आपल्याबरोबर येणार ना?"

"नाही गं. ते नव्या शिपायाचं. इथंच खुंटीवर राहील."

ब्रिता कपाटाकडे वळली. मला वाटले, चला, पुन्हा खुंटी!

लग्नाच्या दिवशी कपाट अंगणात आले आणि वऱ्हाड त्याच्याभोवती गोळा झाले. आत्याने ओल्या बोटाने एक फूल घासून पाहिले. रंग हलला नाही.

"गोगलगायीचं काम पक्कं आहे हो!" ती म्हणाली.

"ब्रिता, खाली नाव घाल," गुनिल्ला म्हणाली. "लोकांनी बोलवायचं कुणाला?"

नवा शिपाई मॅट्स कडक गणवेशात उभा होता. ब्रिता त्याच्यापुढे गेली.

"काका, रास्क आता तुमचं. मी घेऊ?"

मॅट्स खदखदून हसला. "घे की पोरी! मी आठ दिवसांचा रास्क. पलटणीत मी वापरतो, कपाटांवर तू वापर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या दिवशी मी चित्रकाराचे आडनाव झाले. मित्रांनो, आडनाव आयते मिळते. पण ते जपा, आपल्या कामाने जपा.

ब्रिताने कुंचला काळ्या रंगात बुडवला, माझे पहिले अक्षर काढले, आणि साऱ्या वऱ्हाडाला ताटकळत ठेवून ते वाळेपर्यंत शांतपणे थांबली.