गाण्याची नक्कल

टाकाच्या निबेत एक केस अडकला होता, आणि त्यामुळे 'मेहेरबान' या शब्दातला 'ह' खाली ओघळून मेलेल्या मुंगीसारखा दिसत होता... भिकाजीने केस चिमटीत धरून ओढला. निघेना. तेवढ्यात अव्वल कारकुनांनी त्याच्या मेजावर घडी घातलेला एक कागद ठेवला.

"मिऱ्याच्या त्या धाकूला परवा पकडलाय ना, त्याचं गाणं. हवालदाराने ऐकून लिहिलंय. याची शुद्ध नक्कल करा. संध्याकाळच्या टपालाने कलेक्टरसाहेबांकडे जायची आहे."

भिकाजीने घडी उलगडली. दर्या आमचा, मीठ आमचे, पहारा मग कशाला? — ओळ त्याचीच होती. वैशाखात धाकूच्या खळ्यात बसून त्याने ती जाखडी नाचाच्या मेळ्यासाठी सांगितली होती — तोंडी, कारण धाकूला अक्षर येत नव्हतं आणि कचेरीतल्या कारकुनाला आपलं अक्षर कुठे मागे ठेवायचं नव्हतं. यंदा, तीस साली, मिठावरून जिल्हाभर धरपकड चालली होती. धाकू डोळे मिटून एकेक ओळ तीनदा म्हणायचा आणि मग ती त्याच्यात कायमची राहायची, जांभ्या दगडात पाणी मुरावं तशी. गेली आठ वर्षं हे असंच. गणपतीत मेळा वाडी-वाडीत नाचायचा, बाया ओट्यावर जमायच्या, म्हणायच्या, धाकूचं गाणं लागलं. धाकूचं गाणं... भिकाजी मागे अंधारात उभा असायचा. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. नव्हतंच वाटलं.

पण ही दुसरी ओळ? भरती आली म्हणजे साहेब, पाणी लागेल कोणाला? — पाणी! पाणी कुठून आलं? मुळात होतं 'धक्का बसेल कोणाला'. बंदराचाही धक्का आणि दुसराही. त्या एका शब्दासाठी तो तीन संध्याकाळी मांडवीला लाटा मोजत बसला होता, आणि शब्द सापडला तेव्हा घरी न जाता वाळूतून उगाच मैलभर चालला होता. हवालदाराच्या कानाने तो सांडून टाकला.

"तसं त्यात फारसं काही नाही," अव्वल कारकून पान लावता लावता म्हणाले. "पाणी लागेल म्हणे. लागू दे. ताकीद देऊन सोडतील त्याला."

दुपारी मधल्या सुट्टीत तो बाहेर आला तर पायरीखाली धाकूची बायको राही उभी होती. मिऱ्याहून चालत आली असावी. पाय घोट्यापर्यंत मातीने लाल होते. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"तुमचां नाव नाय घेतलानी त्यांनी," ती हळूच म्हणाली. "फौजदारान दोनदा इचारलान, गानां कुनी केलान. दोनदा म्हनले, माजांच हाय. तुमाला सांगायला सांगितलानी, घाबरू नका."

"सोडतील त्याला," भिकाजी म्हणाला. "कागद साधाच आहे. मी पाहिलाय."

"मंग तुमी हायसा तितं. बगा वायच." ती पदर सारखा करून निघून गेली.

सुटलो. भिकाजीच्या मनात आधी हेच आलं. बायको, दोन मुली, नोकरी — सगळं जागच्या जागी राहणार होतं. आणि त्या सुटकेतच एक कुसळ होतं, कुठे टोचतंय ते कळत नव्हतं... दोनदा म्हणाला. माझंच आहे. एकदा म्हणाला असता तर मला वाचवायला म्हणाला असं मानलं असतं मी. दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज कसा होता? मेळ्यात पहिली ओळ टाकताना मान उचलायचा, तशी मान उचलली असेल का त्याने?

मग दुपार कलली, पंखा ओढणारा पेंगला, आणि भिकाजी नक्कल करायला बसला. दर्या आमचा — अक्षर छान येत होतं. वळणदार, एका रेषेत. त्याच्या गाण्याचं हे पहिलंच अक्षर, आणि ते सरकारी कागदावर. भरती आली म्हणजे साहेब... हात थांबला नाही. थांबला असता तर विचार करता आला असता. शाई वाळली तेव्हा तिथे 'धक्का बसेल' होतं, आणि त्याने ते दोनदा वाचलं, आणि दुसरा कागद घेण्याऐवजी पुढचं कडवं लिहायला घेतलं.

अव्वल कारकुनांनी नक्कल हातात घेतली. ओठांतल्या ओठांत वाचली. मग तीच ओळ पुन्हा, मोठ्याने, चालीवर नाही पण बरोबर जागी थांबून. खोलीतल्या दोघातिघांनी माना वर केल्या.

"हे असं आहे होय," ते म्हणाले. पान चघळणं थांबलं. "भारी लिहितो हो माणूस... आता कसला सुटतो! दीड-दोन वर्षं सहज." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सकाळी मी वेगळंच वाचलं होतं ना? मूळ कागद आणा बघू."

"आणतो," भिकाजी म्हणाला.

मेजापर्यंत सात-आठ पावलं. हवालदाराचा कागद तिथेच होता. चुकलो म्हणायचं — मग हा शब्द तुम्हाला सुचला कुठून, असं विचारतील. कागद सापडत नाही म्हणायचं... मग धाकू आत जाणार. राहीचे लाल पाय. सगळं त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी त्या सगळ्यावरून एकच आवाज वाहत होता, भारी लिहितो हो माणूस. अंगावर काटा आला होता आणि तो भीतीचा नव्हता. "सापडला का?" मागून हाक आली. भिकाजी कागदावर वाकला. तिसऱ्या कडव्यात एक मात्रा कमी पडत होती, आणि ती चूक हवालदाराची नव्हती — वैशाखापासून ती त्याची स्वतःचीच होती, आणि आता, इतक्या दिवसांनी, नेमका शब्द जिभेवर येऊ लागला होता.