वाढत्या अंगाचं माप

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे पडदेबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. पडदे, गाद्यांची कव्हरं आणि दुकानांपुढच्या कापडी छपऱ्या शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. गल्लीत त्यांना सगळे पडदेबाईच म्हणत. कापड कुठे वाचतं हे त्यांच्या बोटांना डोक्याच्या आधी कळायचं. अशा बाईंनी या थंडीत पाय पसरायचे ठरवले, आणि तेही थेट बर्फात.

त्याचं असं झालं. त्यांची लेक भिंगरी शाळेत असताना एकदा घरी येऊन म्हणाली होती, की वर्गातली सगळी मुलं डोंगरावर जातात आणि पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरतात, आपण कधी जायचं? बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी घराचं छत गळायला लागलं. त्याच्या पुढच्या वर्षी शिवणयंत्राने मान टाकली. मग भिंगरीच्या बाबांची कंबर धरली. ते शाळेच्या बसवर ड्रायव्हर, कंबर धरली की बस उभी. असं करता करता भिंगरी बावीस वर्षांची झाली, शिकून तयार झाली आणि तिला समुद्रापलीकडे नोकरी लागली. दीड महिन्याने निघायचं होतं. बाईंकडची पुढची वर्षं संपली होती. जायच्या आत पोरीला एकदा बर्फावर मनसोक्त घसरताना बघायचं, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं. बोललेला शब्द तसाच ठेवून तिला विमानात बसवायचं त्यांना जमणार नव्हतं.

"हौसेला मोल नसतं म्हणतात, पण बर्फाला असतं," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. घरात बाई त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणत, विशेषतः चिडवायचं असेल तेव्हा.

"तुम्ही फक्त कंबर सांभाळा. बाकीचं मी बघते."

आणि त्यांनी खरंच बघितलं. हंगाम सरता सरता जायचं, तेही आठवड्याच्या मधल्या दिवसांत. वरच्या हॉटेलांकडे ढुंकूनही बघायचं नाही. खाली गावात एका विधवा बाईची खोली मिळत होती, चुलीसकट. गावातून वर जायला फुकटची बस होती. शिकवणीला एकट्याने न जाता दहा जणांच्या घोळक्यात उभं राहायचं. स्की आणि बूट वर भाड्याने घेतले तर सोन्याच्या भावात पडतात, म्हणून ते आपल्याच शहरातून घेऊन जायचे. आणि बर्फात घालायच्या विजारी? छपऱ्यांसाठी आणलेलं पाणी न शिरणारं कापड उरलं होतं. हिरवे-पांढरे पट्टे होते, पण पट्ट्यांनी थंडी वाजत नाही.

विजार घालून ड्रायव्हरसाहेब आरशासमोर उभे राहिले. "अगं, लोक माझ्याखाली खुर्च्या टाकून चहा पीत बसतील."

"बसू देत. खुर्चीमागे पैसे घ्या."

राहिले बूट. स्कीवाल्याच्या दुकानात दोघं नवरा-बायको गेले. भिंगरी दुसऱ्या गावी वसतिगृहात, ती निघायच्या दिवशी सरळ बसस्थानकावरच भेटणार होती. स्कीवाल्याने ड्रायव्हरसाहेबांचा पाय मोजला, बाईंचा मोजला. बाईंना बूट आवळले, तेव्हा तो म्हणाला, "थोडा मोठा हवा असेल तर देतो, पण हे बूट घट्टच लागतात. टाच आत हलता कामा नये."

"हेच द्या. मी काय आता वाढणार आहे?"

"आणि मुलीचं माप?"

ड्रायव्हरसाहेब खिशातून फोन काढत होते. बाईंनी त्यांचा हात खाली दाबला. "पोरीचं माप तिच्या आईने फोनवर विचारायचं? लोकांनी ऐकलं तर हसतील." आणि मग त्यांनी माप सांगितलं. घरात भिंगरीच्या जुन्या चपला होत्या, त्यांचं माप त्यांना तोंडपाठ होतं. त्यात त्यांनी नेहमीसारखी दोन बोटं मिळवली. पोरीचं काहीही आणायचं तर वाढत्या अंगाचं आणायचं, हा त्यांचा धर्मच होता. फ्रॉक दोन इंच आत दुमडलेला, बाही आत दुमडलेली, बुटांच्या पुढे कापूस. एका फ्रॉकने तीन वर्षं काढली होती. या घडीलाही भिंगरीच्या नोकरीसाठी शिवायला घेतलेला राखाडी कोट घरी यंत्रावर पडला होता, आणि त्याच्या बाह्या चांगल्या दोन बोटं लांब कापलेल्या होत्या.

"पक्कं ना बाई?" स्कीवाल्याने विचारलं.

"आईला नाही कळणार तर कुणाला कळणार?" बाई म्हणाल्या.

डोंगरावर पहिल्या सकाळी ऊन कडकडीत पडलं होतं. बर्फ इतका पांढरा, की बाईंना वाटलं कुणीतरी कापडाचं ठाण पूर्ण उलगडून ठेवलंय आणि त्यावर कुणी पाय ठेवू नये. शिकवणीचा घोळका जमत होता. भिंगरीने पट्ट्यापट्ट्याची विजार मुकाट्याने चढवली होती, उलट "आपण हरवणार नाही एवढं नक्की," म्हणून हसलीही होती. ती बाकावर बसली, बुटात पाय घातला, खटके लावले आणि उभी राहिली. मग तिने टाच उचलली. टाच वर आली, बूट जागेवरच राहिला.

"आई, हा कुणाचा बूट आहे?"

"तुझाच. थांब, कापूस आणलाय." बाईंनी पिशवीत हात घातला. कापूस होताच.

शिकवणाऱ्या तरुणाने वाकून बघितलं. त्याने मान हलवली. "कापसाचं काम नाही हे. या बुटाने पहिल्या वळणावर पाय मोडेल." वरच्या दुकानात बघावं, तर त्याच सकाळी शाळेची सहल येऊन मुलींच्या मापाचं सगळं घेऊन गेली होती. ड्रायव्हरसाहेबांनी तेवढ्यात म्हणून घेतलं, "मी फोन काढला होता बरं का."

"अहो, गप्प बसा."

भिंगरी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती कापसाचा बोळा हातात धरून हसत होती. "आई, बावीस वर्षांची झाले गं मी. मी काय आता वाढणार आहे?"

आपलंच वाक्य आपल्याला परत मिळालं, की कसं लागतं ते बाईंना त्या क्षणी कळलं. आयुष्यभर जिच्या अंगावरचं कापड मोजलं, तिच्या पायाचं माप आपल्याला माहीत नाही. पोर कधीच वाढायची थांबली होती आणि आपण दरवर्षी दोन बोटं मिळवत बसलो होतो. त्यांना फार वाईट वाटलं. घोळका उताराकडे सरकायला लागला होता. बाई खाली बसल्या आणि स्वतःच्या बुटांचे खटके काढू लागल्या.

"हे घाल बघू."

"तुझे? मला कसे होतील?"

"घाल म्हणते ना."

भिंगरीने पाय घातला. खटके बसले. टाच उचलली, बूट टाचेबरोबर आला. अगदी कापून बसवल्यासारखा.

"तुझं नि माझं माप एकच आहे?" भिंगरी म्हणाली. "कधीपासून?"

बाईंनी कापूस पिशवीत कोंबला. "जा आता, मास्तर निघाला," एवढंच त्या म्हणाल्या. "मी इथे ऊन खात बसते."

त्या बसल्या. साध्या बुटांत, बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. वर उतारावर दोन हिरवे-पांढरे पट्टे लांबूनही दिसत होते. त्यातला एक दर चार पावलांवर आडवा होत होता आणि "ब्रेक कुठाय, ब्रेक?" असं ओरडत होता. दुसरा आधी पडला, मग उभा राहिला, मग थोडा सरकला, आणि एकदा वरून सुटला तो सरळ खालपर्यंत आला. भिंगरी खाली येईपर्यंत किंचाळत होती, अगदी लहान असताना किंचाळायची तशी. जे बघायला आल्या होत्या ते बाईंनी बघितलं. त्यांनी डोळे पुसले, आणि शेजारच्या बाईला सांगितलं, की बर्फाची तिरीप लागते.

दुपारी भिंगरी लालबुंद होऊन आली, बाकावर बसली आणि खटके काढू लागली. "चल. आता तुझी पाळी."

"वेड लागलंय का? माझं वय काय!"

"बाबा पडले तेवढी तू नाही पडणार. आणि या बुटांचं भाडं तुझ्या पायांसाठी भरलंय, माझ्या नाही."

भाड्याचा मुद्दा बाईंना पटला. त्यांनी पाय घातले. बूट आतून गरम होते, भिंगरीच्या पायांनी. पुढचे तीन दिवस ते बूट असेच फिरत राहिले, सकाळी लेकीच्या पायात, दुपारी आईच्या, आणि बाई एकंदर नऊ वेळा पडून दहाव्यांदा थोड्या घसरल्या. त्या दहाव्या वेळेबद्दल त्या अजूनही सांगतात.

परत आल्यावर स्कीवाल्याने सामान तपासून घेतलं. मोठ्या बुटांचा जोड उलटापालटा करून तो म्हणाला, "हे तर कुणी घातलेलेच दिसत नाहीत."

"त्या मापाचं आमच्याकडे कुणी नाही," बाई म्हणाल्या.

भिंगरी दोन दिवस घरी राहिली. नोकरीला निघायच्या सकाळी बाईंनी तिला खिडकीपाशी उभं केलं, राखाडी कोट अंगावर चढवला आणि गळ्यातली टेप काढली. कित्येक वर्षांनी त्या अंदाजाने नव्हे, मोजून माप घेत होत्या. खांदा मोजला, पाठ मोजली. हात खाली सोडायला सांगितला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली. खडूने खूण केली. खुणेच्या खाली वाढीव कापड लोंबत होतं. बाईंनी कात्री उचलली.

भिंगरीने दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं. "कापू नकोस. आत दुमडून ठेव."

"कशाला? अजून वाढणार आहेस का?"

"असू दे गं. परत येईन तेव्हा तू उसवून बघ, झालेय का मोठी."

बाईंनी कात्री खाली ठेवली, टाचण्या तोंडात धरल्या आणि दोन बोटं कापड आत दुमडून घेतलं. तोंडात टाचण्या होत्या म्हणून काही बोलावं लागलं नाही, हे एक बरं झालं.