धुतलेले खडे

मोर्शीहून बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आटोपून प्राजक्ता अमरावतीच्या घरी आली, तेव्हा काचेच्या टाकीतले खडे नव्यासारखे चमकत होते. दोन गोल्डफिश तळाशी आडवे पडले होते. तिसरा, शेपटीवर काळा ठिपका असलेला, पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होता.

"खडे कोणी धुतले?"

"मीच," तिचा नवरा कुलदीप हौसेनं म्हणाला. "आचलले पाहाले अकोल्याचे पाहुणे येऊन राहिले ना. सारे खडे काढले, साबणाच्या पावडरनं घासले. किती घाण निघाली म्हणून सांगू!"

"साबण?" तिचा आवाज चढला. "अन् पाणी कोणतं भरलं?"

"नळाचं."

"क्लोरीन उडून जावं म्हणून बाल्कनीत दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या मी!"

"त्या पाण्यानं आईनं फरशी पुसली."

चार वर्षं दर रविवारी प्राजक्ता नळीनं टाकीच्या तळाची घाण ओढून काढायची. अर्धेच खडे साफ करायची, उरलेले पुढच्या रविवारी, कारण माशांची घाण पचवणारे जिवाणू त्या खड्यांनाच धरून असतात. हे तिनं कुलदीपला कितीदा सांगितलं होतं. तो मोबाइल पाहत "हो हो" म्हणायचा.

ती घमेलं घेऊन वरच्या मजल्यावरच्या शेजारीण मंजुषाताईंकडे धावली. त्यांच्याकडे बोअरचं पाणी होतं. घमेलं हॉलमध्ये ठेवून तिनं ठिपकेवाल्याला अलगद त्यात सोडलं, आणि तेवढ्यात बेल वाजली.

"ते घमेलं आत ने," सासूबाई दातओठ खात म्हणाल्या.

"आता हलवलं तर हाही जाईन. राहू द्या."

पाहुणे बसले. मुलाच्या आईनं घमेल्याकडे पाहून विचारलं, "काय झालं वो, मासोळीले?"

"माह्या नवऱ्यानं खडे साबणानं धुतले. दोन मेले."

नणंद आचल मान खाली घालून पोह्यांच्या बशा देत राहिली.

पाहुणे गेल्याबरोबर कुलदीप उसळला. "चार माणसांत माही इज्जत काढली तू! मासेच तर होते. नवे आणू!"

"मोर्शी काही अमेरिकेत नाही. एक फोन करता आला नाही तुमाले?"

"खडे धुवाले तुही परवानगी पाहिजे काय?"

"हो, पाहिजे! तुमच्या दुकानातला माल मी न विचारता फेकला, तर चालन काय?"

तिनं मेलेले दोन्ही मासे कुंडीतल्या मातीत पुरले. ठिपकेवाला मंजुषाताईंकडे ठेवला. तिथं तो जगला.

अकोल्याहून होकार आला. फोन ठेवून आचल हसत तिला म्हणाली, "सासू म्हणे, तुही वहिनी खरं बोलते."

पण प्राजक्ताचा राग उतरला नाही. तिनं खडे पुन्हा पुन्हा नुसत्या पाण्यानं धुऊन पाहिले, फेस येतच होता. शेवटी ते फेकून तिनं नवे आणले, जिवाणू पुन्हा धरावेत म्हणून टाकी भरून, चिमूटभर खाद्य टाकत, माशांविना नुसतीच चालू ठेवली.

रविवारी कुलदीप प्लास्टिकच्या पिशवीत चार नवे मासे घेऊन आला. "घे. झालं समाधान?"

"टाकी अजून तयार नाही. टाकले तर हेही मरतीन."

"मंग काय करू या माशायचं?"

"परत देऊन या. अन् पुढच्या वेळी आधी विचारा."

पिशवी घेऊन तो वळला. मग दार आपटून जिना उतरला.